उत्तर न दिलेली चिठ्ठी : ऑस्कर वाइल्ड, र. धों. कर्वे आणि १९३४ चा एक खटला

या लेखाचे मूळ एका चिठ्ठीत आहे. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात, उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये सुभाष टेकडीच्या बाजूला मी बाबासाहेबांच्या ग्रंथांवर बोलायला उभा होतो. व्याख्यान संपले, प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा झाल्या. आठ-दहा चिठ्ठ्यांची उत्तरे दिल्यावर वहीच्या पानाचा चौकोनी घडी केलेला एक तुकडा हाती आला. त्यावर नाव नव्हते. लिहिले होते : ‘बाबासाहेबांनी सगळ्यांसाठी लिहिले. माझ्यासारख्या मुलासाठी काही लिहिले आहे का? मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात.’

चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवून कलम ३७७ पुन्हा जसेच्या तसे लागू केले होते. वर्तमानपत्रांत त्यावर बरेच लिहून आले होते, मी ते वाचलेही होते. तरी चिठ्ठी मी खिशात टाकली, ‘वेळ झाली’ म्हणालो आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. समोर बसलेल्या दीडशे माणसांपैकी ती कोणी लिहिली, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मला त्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते, हे खरे. पण आले असते तरी ते त्या मंडपात मोठ्याने म्हणायची माझी तयारी नव्हती, हे जास्त खरे.

उत्तर असते तर कुठे असते, याचा शोध मी पुढे सावकाश घेत गेलो. तो शोध सुरू झाला लंडनमध्ये आणि संपला मुंबईत.

*

ऑस्कर वाइल्ड मराठी वाचकाला बहुधा दोन वाटांनी भेटतो. एक वाट चुरचुरीत वाक्यांची. भाषणात, अग्रलेखात, दिवाळी अंकाच्या चौकटीत वाइल्डचे एखादे वाक्य हमखास सापडते, त्याने न म्हटलेलीही अनेक त्याच्या नावावर खपतात. दुसरी वाट शाळेची. ‘द हॅपी प्रिन्स’ ही त्याची गोष्ट सीबीएसईच्या नववीच्या पूरक पुस्तकात होती. सोन्याने मढवलेला राजपुत्राचा पुतळा आणि त्याच्या पायाशी आसऱ्याला आलेला पक्षी. राजपुत्र आपले माणिक, डोळ्यांतली नीलरत्ने, अंगावरचा सोन्याचा पत्रा गरिबांना वाटायला सांगतो. पक्षी ते वाटत राहतो आणि थंडीने मरतो. मरण्यापूर्वी तो राजपुत्राच्या ओठांचे चुंबन घेतो. मूळ इंग्रजीत हा पक्षी ‘तो’ आहे. मराठीत पाकोळी स्त्रीलिंगी, म्हणून मुलांना ही गोष्ट सांगताना मी कायम ‘ती पाकोळी’ म्हणत आलो. व्याकरणाने माझी सोय केली आणि मला काही चुकल्यासारखेही वाटले नाही.

वाइल्डचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ रोजी डब्लिनमध्ये झाला. ट्रिनिटी कॉलेज आणि ऑक्सफर्डचे मॉडलिन कॉलेज इथे तो शिकला. १८८४ मध्ये कॉन्स्टन्स लॉइडशी त्याचे लग्न झाले, सिरिल आणि व्हिव्हियन असे दोन मुलगे झाले. ‘हॅपी प्रिन्स’ आणि इतर गोष्टींचे पुस्तक १८८८ मधले, म्हणजे मुले अगदी लहान असतानाचे. ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी १८९० मध्ये ‘लिपिन्कॉट्स’ मासिकात आली. तिच्यावर अनीतीचा आरोप झाला, तेव्हा १८९१ च्या पुस्तकात त्याने काही ओळी सौम्य केल्या, काही गाळल्या. पुढच्या चार वर्षांत त्याच्या नाटकांनी लंडन जिंकले. १८९५ च्या फेब्रुवारीत तिथल्या दोन थिएटरांत त्याची दोन नाटके एकाच वेळी चालू होती. त्यांतले दुसरे, ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’, १४ फेब्रुवारीला सुरू झाले होते.

चारच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी हा उमराव वाइल्डच्या क्लबात आला आणि दाराशी एक कार्ड ठेवून गेला. वाइल्ड पुरुषांशी संबंध ठेवणारा असल्याचा आव आणतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता, आणि त्यातला मुख्य शब्दही त्याने चुकीचा लिहिला होता. क्वीन्सबरीचा मुलगा आल्फ्रेड डग्लस याच्याशी वाइल्डचे प्रेमाचे नाते होते. वाइल्डने क्वीन्सबरीवर बदनामीचा फौजदारी दावा लावला. हा निर्णय त्याचा स्वतःचा होता आणि तोच त्याला नडला.

*

३ एप्रिल १८९५ रोजी खटला उभा राहिला. क्वीन्सबरीचा वकील एडवर्ड कार्सन ट्रिनिटी कॉलेजात वाइल्डच्याच वेळी शिकत होता. वाइल्डने आपले वय एकोणचाळीस सांगितले, तेव्हा तो चाळीस पूर्ण असल्याचे कार्सनने त्याच्याच तोंडून वदवून घेतले. त्यानंतर कार्सनने पुस्तके उघडली. ‘डोरियन ग्रे’मधले उतारे त्याने वाचून दाखवले, तेही मुद्दाम मासिकातल्या पहिल्या आवृत्तीतले, पुढे गाळलेल्या ओळींसकट. एका पुरुषाला दुसऱ्याविषयी असे वाटावे, हे लेखकाला योग्य वाटते का, असा त्याच्या प्रश्नांचा रोख होता. वाइल्ड हजरजबाबी होता, त्याने पहिल्या दिवशी लोकांना हसवलेही. पण कार्सनकडे साक्षीदारांची यादी तयार होती. ५ एप्रिलला वाइल्डने दावा मागे घेतला आणि त्याच संध्याकाळी त्याला अटक झाली. मधल्या काही तासांत फ्रान्सला निघून जा, असे मित्रांनी त्याला विनवले होते. तो गेला नाही.

वाइल्डला संत ठरवून हा इतिहास सांगता येणार नाही. कोर्टात तो खोटे बोलला. ज्या तरुणांशी त्याचे संबंध आले त्यांत बेकार, गरीब घरांतले मुलगे होते, काही फार कोवळ्या वयाचे होते. त्याच्याकडे पैसा आणि नाव होते, त्यांच्याकडे काहीच नव्हते. आजचा वाचक याकडे काणाडोळा करणार नाही आणि करूही नये. पण न्यायालयाला त्या मुलांची काळजी होती असे कागदपत्रांतून दिसत नाही. ज्या कायद्याने वाइल्डला शिक्षा झाली, त्यात वयाचा किंवा संमतीचा प्रश्नच नव्हता. १८८५ च्या त्या कायद्याचा मूळ हेतू मुलींचे संरक्षण हा होता. हेन्री लाबूशेर या खासदाराने त्यात अकरावे कलम घालून घेतले आणि दोन पुरुषांमधले कोणतेही ‘घोर असभ्य वर्तन’, मग ते बंद दाराआड का असेना, गुन्हा ठरवले. कमाल शिक्षा दोन वर्षे सक्तमजुरी.

२६ एप्रिलला वाइल्ड आरोपी म्हणून उभा राहिला. इथेही एक कविता पुरावा म्हणून आली, तीही त्याची नव्हे, डग्लसची. तिच्या शेवटी एका प्रेमाला स्वतःचे नाव सांगण्याचे धैर्य होत नाही, असा उल्लेख आहे. हे कोणते प्रेम, असे सरकारी वकिलाने विचारले. वाइल्डने प्लेटो, मायकेलअँजेलो, शेक्सपिअर आणि बायबलमधले डेव्हिड-जोनाथन यांची नावे घेत दिलेल्या उत्तरावर प्रेक्षकांच्या सज्जातून टाळ्या पडल्या. ज्यूरीचे एकमत झाले नाही. सरकारने पुन्हा खटला चालवला आणि २५ मे १८९५ रोजी त्याला कमाल शिक्षा झाली. ती अपुरी आहे, असे न्यायाधीशांनी बोलून दाखवले.

दरम्यान त्याची नाटके चालू होती, पण जाहिरातींवरून आणि कार्यक्रमपत्रिकांवरून लेखकाचे नाव काढले गेले. घरातल्या पुस्तकांचा, हस्तलिखितांचा, मुलांच्या खेळण्यांचा लिलाव झाला. कॉन्स्टन्स मुलांना घेऊन परदेशी गेली आणि तिने तिघांचेही आडनाव बदलून हॉलंड केले. तुरुंगात वाइल्डने जुन्या दोरखंडांचे तंतू पिंजले, लाकडी फळीवर रात्री काढल्या. १८९५ च्या नोव्हेंबरात त्याला रेडिंगच्या तुरुंगात हलवले, तेव्हा क्लॅपहॅम जंक्शनच्या फलाटावर बेड्या घालून, कैद्याच्या कपड्यांत, अर्धा तास पावसात उभे केले होते. गर्दी जमली, हसली. एकजण त्याच्यावर थुंकला. विठ्ठलवाडीच्या फलाटावर रोज लोकलची वाट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला या सगळ्या चरित्रात हाच अर्धा तास सर्वांत जवळून कळतो. गर्दीला कोण सापडले आहे हे एकदा कळले की तिला आणखी काही कळावे लागत नाही.

रेडिंगमध्ये त्याने डग्लसला उद्देशून दीर्घ पत्र लिहिले. ‘डी प्रोफंडिस’ या नावाने त्याचा काही भाग १९०५ मध्ये छापला गेला, विश्वसनीय संपूर्ण पाठ यायला १९६२ साल उजाडले. १९ मे १८९७ रोजी सुटल्यावर त्याने लगेच जे लिहिले ते स्वतःविषयी नव्हते. एका उपाशी लहान मुलाला, म्हणजे कैद्यालाच, बिस्किटे दिल्याबद्दल एका पहारेकऱ्याला नोकरीतून काढले होते. वाइल्डने ‘डेली क्रॉनिकल’ला पत्र पाठवून तुरुंगातल्या मुलांचे हाल मांडले. १८९८ मध्ये रेडिंगच्या तुरुंगावरची त्याची कविता प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाच्या जागी त्याच्या कोठडीचा क्रमांक होता : सी.३.३. ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

*

हे सगळे दूरच्या इंग्लंडमधले, असे वाटू शकते. पण हा कायदा आपल्याकडे आधी आला होता. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता ऑक्टोबर १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. ती मंजूर झाली तेव्हा डब्लिनमधला वाइल्ड सहा वर्षांचाही नव्हता. तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गाच्या क्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. वाइल्डला लंडनमध्ये दोन वर्षे मिळाली. त्याच्या काळात मुंबईत एखाद्यावर या कलमाखाली गुन्हा शाबीत झाला असता, तर त्याला कितीतरी अधिक काळ आत राहावे लागू शकले असते.

वाइल्ड तुरुंगातून सुटला त्याच वर्षी, १८९७ मध्ये, हॅवलॉक एलिस या डॉक्टरचे समलैंगिकतेवरचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याचा सहलेखक होता जॉन ॲडिंग्टन सायमंड्स. तो १८९३ मध्ये वारला होता आणि पुढे त्याचे नावही पुस्तकावरून काढले गेले. ही प्रवृत्ती काही माणसांत जन्मजात असते, तिला पाप किंवा गुन्हा मानणे चूक आहे, अशी एलिसची मांडणी होती. १८९८ मध्ये हे पुस्तक विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो याच्यावर लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला झाला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी प्रेम करणाऱ्याला शिक्षा झाली होती, आता त्या प्रेमाविषयी शास्त्रीय भाषेत लिहिलेले विकणाऱ्यावरही खटला झाला. हा दुसरा गुन्हा पुढे मुंबईत पुन्हा उभा राहिला.

*

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी कर्वे यांचे ते थोरले पुत्र, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनीही आपले केंद्र सुरू केले होते. या प्रचारापायी १९२५ मध्ये र. धों. ना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि मरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९५३ पर्यंत, पदरमोड करून चालवले. १९२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे आणि ‘बहिष्कृत भारत’ निघाल्याचेही वर्ष. पाण्याला हात लावण्याचा हक्क आणि शरीराविषयी बोलण्याचा हक्क हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्रात एकाच वर्षी छापखान्यातून बाहेर पडले.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. डॉक्टरला, बापाला, बायकोला विचारता येत नव्हते ते लोक संपादकाला पत्रातून विचारत. र. धों. आडपडदा न ठेवता, उपदेश न करता उत्तर देत. ज्या सुखात दुसऱ्याची हानी नाही ते पाप नव्हे, ही त्यांची कसोटी होती. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी त्यांच्यावर पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा अटक झाली. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. प्रश्न होते हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी.

या खटल्यात र. धों. चे वकील होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

ही गोष्ट मला कळली ती २०१७ मध्ये, अजित दळवींनी लिहिलेल्या आणि अतुल पेठेंनी दिग्दर्शित केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकामुळे. वीस वर्षे जयंतीची व्याख्याने देणाऱ्या माणसाला ती नाटकातून कळावी, याची मला लाज वाटली. महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार यांच्यानंतरचे हे वर्ष. ज्या माणसामागे एवढे मोठे रणांगण होते, त्याने एका चित्पावन प्राध्यापकाच्या अल्प खपाच्या मासिकासाठी उभे का राहावे?

त्यांच्या युक्तिवादाचे जे मुद्दे नमूद आहेत त्यांतून उत्तर मिळते. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, हा पहिला मुद्दा. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे, लोक प्रश्न विचारतात, मग संपादकाने उत्तर का देऊ नये, हा दुसरा. ‘असे विकृत प्रश्न आणि त्यांची उत्तरे छापायचीच कशाला’, या आक्षेपाला त्यांनी ज्ञानाने उत्तर दिले. विकृतीवर उपाय ज्ञान हाच आहे, ते दडपून विकृती जात नाही. आणि समलैंगिकतेच्या प्रश्नावर त्यांनी हॅवलॉक एलिसचे संशोधन पुढे केले : ही प्रवृत्ती कुणात निसर्गतः असेल तर त्यात गैर काय? लंडनमध्ये ज्याचे पुस्तक विकणाऱ्यावर खटला झाला होता, तोच एलिस छत्तीस वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात बचावाचा आधार झाला.

खटला हरला. र. धों. ना दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांची या विषयातली आस्था मात्र वकिलीपुरती नव्हती. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, त्याचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. तोही फेटाळला गेला.

*

मराठीत ऑस्कर वाइल्ड का झाला नाही, असा प्रश्न मला पूर्वी पडे. आता वाटते, शोधण्याची जागा चुकत होती. आपल्याकडच्या त्या माणसांनी नाटके लिहिली नाहीत, कविता छापल्या नाहीत. त्यांनी एका मासिकाच्या संपादकाला पत्रे लिहिली. आपण जगतो तसे जगणे जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा आहे अशा राज्यात, शाई आणि पोस्टाचे तिकीट खर्चून त्यांनी विचारले : माझ्यात काही बिघडले आहे का? वाइल्डचे नाव जाहिरातीवरून पुसले गेले, या माणसांची नावे मुळात लिहिलीच गेली नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षा भोगली ती उत्तर देणाऱ्याने. मराठीतल्या समलिंगी माणसांचा आधुनिक इतिहास लिहायचा झाला तर तो मला या पत्रांपासून सुरू करावासा वाटतो.

ती पत्रे आणि त्यापुढचे मराठी लेखन यांत मोठे अंतर गेले. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ मौजेने काढली. आता नाव घालून लिहिले जाऊ लागले होते.

इंग्लंडने १९६७ मध्ये प्रौढांमधले खासगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून वगळले. त्याचेच कलम आपण आणखी पन्नास वर्षे सांभाळले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द केले. त्यातल्या न्या. रोहिंटन नरिमन यांच्या निकालपत्राची सुरुवात आल्फ्रेड डग्लसच्या त्याच कवितेच्या उल्लेखाने होते. १८९५ मध्ये सरकारी वकिलाने जी ओळ आरोपीविरुद्ध वाचली, ती १२३ वर्षांनी दिल्लीत आरोपीच्या बाजूने वाचली गेली. वाइल्डचा वारसा त्याच्या सुभाषितांत नाही, या एका बदलात आहे. आणि त्या बदलाच्या वाटेवर मुंबईचा १९३४ चा हरलेला खटला उभा आहे, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये.

*

२०१९ च्या जयंतीला मला पुन्हा त्याच टेकडीवर बोलायला बोलावले. मी विषय दिला : ‘बॅरिस्टर आंबेडकर आणि समाजस्वास्थ्य खटला’. विषय वाचून एका कार्यकर्त्याने, ‘सर, बायका-मुले असतात,’ अशी आठवण करून दिली. ‘म्हणूनच,’ मी म्हणालो. तोही पुढे काही बोलला नाही. चाळीस मिनिटे मी त्या खटल्यावर बोललो. सुरुवातीला मागच्या रांगेत कुजबूज झाली, चार-दोन मुले हसली, मग शांतता झाली. शेवटी पाच वर्षांपूर्वीची चिठ्ठी काढून वाचून दाखवली आणि सांगितले : हा प्रश्न मला इथेच विचारला होता. मी उत्तर न देता तो खिशात घातला. त्याचे उत्तर होय असे आहे. बाबासाहेब तुझ्यासाठी उभे राहिले होते, कोर्टात, सर्वांसमोर.

चिठ्ठी लिहिणारा तिथे होता की नाही, कळायला मार्ग नाही. तो कदाचित केव्हाच कॅम्प सोडून गेला असेल. त्या दिवशी चिठ्ठ्या गोळा झाल्या तेव्हा तीन चिठ्ठ्यांवर नाव नव्हते. तिन्ही मी मोठ्याने वाचल्या आणि एकेक करून उत्तरे दिली.